ओटीपी मलाही सांगू नका

(या पानावरची उत्तरं लिहिणाऱ्या ताई चोपडा तालुक्यातल्या एका ‘क’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात 22 वर्षं ग्रंथपाल आहेत.)

मागच्या खेपेला मी लिहून गेले, की आमच्याकडे हल्ली कादंबरी मागणाऱ्यांपेक्षा मोबाईल पुढे धरून “हाई काय शे व माय?” विचारणारे जास्त येतात. त्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळी दिवाळी अंक, वर्गणी, वाळवी वगैरे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवायला सांगितलं. आमचं वाचनालय म्हणजे दोन खोल्या, दोन संगणक, एक प्रिंटर आणि मी. सकाळी 8 ते 11, संध्याकाळी 4 ते 8. एवढ्यात जे जमतं आणि जे फसतं, तेवढंच मला ठाऊक.

माझं वय 68. पीएम किसानचे दोन हप्ते आले नाहीत. केवायसी राहिली आहे म्हणतात. आमच्या गावच्या वाचनालयातला पोरगा चांगला आहे, “मोबाईल ठेवून जा, दुपारी करून ठेवतो,” म्हणतो. ठेवू का?
— एक शेतकरी, रावेर तालुका

नका ठेवू, आबा. पोरगा चांगला असेल, माझी काही तक्रार नाही. पण ज्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो मोबाईल म्हणजे तुमच्या घराची किल्ली. शेजारी कितीही चांगला असला तरी किल्ली त्याच्याकडे टाकून आपण दिवसभर शेतात जातो का? माझ्या टेबलावर मी पाटीच लावली आहे: “ओटीपी मलाही सांगू नका.” संगणकावर मी पान उघडून देते, आधार क्रमांक टाकताना शेजारी बसते, आणि आलेले आकडे ज्याचे त्याने स्वतःच्या बोटाने टाकायचे. वेळ लागतो. मागे रांग लागते, रांगेतले कुरकुरतात. कुरकुरू देते.

पीएम किसानच्या पानावर ई-केवायसी फुकट होते, आधारला जोडलेला मोबाईल मात्र हातात हवा. आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात एक जिभाऊ आले होते. तीनदा ओटीपी मागवला, तीनदा आला नाही. चौथ्या वेळी मी विचारलं, आधारला कुठला नंबर दिला होता? तेव्हा उलगडलं. दहा-बारा वर्षांपूर्वी मुलगा सुरतला कामाला गेला, त्याच्या नावावर घरात घेतलेलं कार्ड होतं, तो नंबर. मुलाने ते कार्ड केव्हाच फेकून दिलं. जिभाऊंचे ओटीपी इतके दिवस हवेत जात होते. हवेत जात असतील तर बरं म्हणायचं, कारण बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला देते.

हा नंबर बदलून देणं माझ्या हातात नाही. आधार केंद्रावर स्वतः गेलं की काम होतं, पण तिथे अंगठा द्यावा लागतो. कापूस वेचून, केळीचा चीक लागून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या असतात, यंत्र घेत नाही. मग दुसरी बोटं, नाहीतर डोळे. पीएम किसानच्या मोबाईल ॲपमध्ये आता चेहरा दाखवूनही केवायसी होते. अंगठा घासलेल्यांनी आधी तेच करून बघावं. मात्र उजेडाकडे तोंड करून उभं राहा आणि टोपी काढा. एका बाबांनी टोपी काढायला नकार दिला होता, त्यात अर्धा तास गेला.

आणखी एक. “हप्ता अडकलाय, या लिंकवर जा,” असा निरोप आला तर जाऊ नका. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पैसे द्यायलाच लागतो. एवढं घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा, सूनबाईंनाही आणि नातवालाही. तरीही खात्यातून पैसे गेलेच तर लाजत बसू नका. 1930 या नंबरवर लगेच फोन करा. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवतात. लवकर कळवलं तर मधल्या एखाद्या बँकेत ते अडवता येतात. लोक आधी जावयाला विचारतात, मग सरपंचाला, आणि तिसऱ्या दिवशी फोन करतात.

सातबारा वाचनालयात निघतो का?
— पारोळा

निघतो. महसूल खात्याच्या संकेतस्थळावर दोन प्रकार आहेत. एक फुकटचा, तो नुसता बघण्यापुरता. दुसरा डिजिटल सहीचा, 15 रुपयांचा. बँकेत, कचेरीत हाच चालतो, वर तलाठ्याची सही लागत नाही. उतारा हातात पडल्यावर लोक क्षेत्र बघतात आणि घडी घालतात. ‘इतर अधिकार’ या रकान्यावर बोट ठेवून वाचा. फेडलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथे वर्षानुवर्षं तसाच बसलेला असतो.

मॅडम, मी राज्यसेवेची तयारी करतो. क्लास परवडत नाही. आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जुनी आहेत. टेलिग्रामवर नवीन पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात. त्या वापरल्या तर चालतील का? अजून फुकट काय मिळतं?
— एक विद्यार्थी, शहादा

बाळा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला माहीत आहे, म्हणूनच तू तो विचारलास. नवीन पुस्तकाची अशी फिरणारी पीडीएफ चोरीची असते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी 1950 साली गेले. त्यांचं लेखन 2011 पासून सगळ्यांचं झालं, कुणीही छापावं, कुणीही वाटावं. विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर त्यांचं काही लेखन आहे, ते खुशाल वाच. गुरुजी अमळनेरला शिक्षक होते म्हणून सांगत नाही. निबंधाच्या पेपराला साधं, सरळ मराठी कसं लिहायचं ते तिथे कळेल. पण परवा छापलेल्या चालू घडामोडींच्या पुस्तकाला हा हिशेब लागत नाही.

आता फुकटचं, तेही हक्काचं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून पूर्ण उतरवता येतात. पाचवीपासून सुरुवात कर, लाज वाटू देऊ नकोस. आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत, त्यासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत. खरगपूरच्या आयआयटीने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. तिथे एवढं आहे की माणूस हरवतो. म्हणून जाताना विषय कागदावर लिहून जा आणि तेवढंच बघून बाहेर ये.

माझं सगळ्यात आवडतं म्हणशील तर मराठी विश्वकोश. वीस खंड घरात घ्यायचे तर कपाट लागेल. संगणकावर शब्द टाकला की नोंद समोर येते. आणि हे साक्री तालुक्यातल्या पोरांना मी मुद्दाम सांगते: त्या विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी 1901 साली पिंपळनेरला जन्मले. आपल्याकडचेच.

एका पोराचा मोबाईल मी एकदा सहज बघितला. सव्वाशे पीडीएफ. एकही तिसऱ्या पानापुढे उघडलेली नव्हती. “नंतर वाचणार,” म्हणाला. तू वही घेऊन बस. संगणकावर वाच आणि हाताने लिही. आमच्याकडे एकाला एका वेळी 45 मिनिटं संगणक मिळतो. वही आणणाऱ्याला मी तासभर देते. अशी सवलत नियमात नाही, तरी देते.

आमचं वाचनालय लहान, साधारण सहा हजार पुस्तकं. कार्यकारिणीत ठराव झाला की संगणकीकरण करायचं. एका विक्रेत्याने सॉफ्टवेअरचा मोठा आकडा सांगितला. घ्यावं का?
— एक चिटणीस, एरंडोल तालुका

दादासाहेब, आकडा बाजूला ठेवा आणि आधी आमची फजिती ऐका.

2009 साली आमच्याकडे पहिला संगणक आला. मी हौसेने दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, त्यात उतरवायला घेतली. दुपारच्या सुट्टीतही बसायचे. 14 महिन्यांत 3,800 पुस्तकं झाली, कार्यकारिणीने शाल दिली. सात वर्षांनी पावसाळ्यात वीज कडाडली आणि यंत्र गेलं. पेन ड्राइव्हवर प्रत होती, म्हणून मी निर्धास्त. नव्या यंत्रावर फाईल उघडली, तर लेखकांच्या जागी टोपीवाली इंग्रजी अक्षरं, डॉलर, टिंबं, कंस. 3,800 ओळी तशाच. मी ती फाईल बंद करून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

झालं होतं असं, की मी जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या फॉन्टमध्ये आत साठतात इंग्रजी अक्षरंच, वरून त्यांना मराठीचा मुखवटा असतो. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नव्हता, मुखवटा गळून पडला. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, तो कुठल्याही यंत्रावर ‘क’च राहतो. पुढे एका प्राध्यापकांनी फॉन्ट बदलून देणारा प्रोग्राम चालवून दिला. बरंचसं परत आलं, पण रफार आणि जोडाक्षरं मोडली ती मोडलीच. ‘धर्म’ आणि ‘कर्म’ शोधत मी वर्षभर फिरत होते, अगदी शब्दशः.

म्हणून सांगते. विकत काही घेऊ नका. संगणकात आधीच असलेल्या साध्या तक्त्यात, युनिकोड मराठीत, दाखल नोंदवहीचेच रकाने करा: दाखल क्रमांक, दिनांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, बिल क्रमांक. रोज 25 पुस्तकं केली तरी वर्षात संपतं. हा तक्ता तयार असला की तो पुढे कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतो. सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेने केलेलं ई-ग्रंथालय आहे. ‘कोहा’ नावाचं आहे, ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी 1999 साली तयार झालं आणि कुणालाही फुकट वापरायला दिलेलं आहे. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण भेट आली तरी ती बसवून देणारा आणि बिघडल्यावर धावून येणारा माणूस जवळपास हवा. तालुक्याच्या कॉलेजात कुणी कोहा चालवत असेल तर त्यांच्याशी आधी ओळख करा, मग ठराव करा.

तक्ता भरताना एक वाक्य भिंतीवर लिहा: आधी आडनाव, मग नाव. आमच्याकडे एका ठिकाणी ‘चौधरी, बहिणाबाई’, दुसरीकडे ‘बहिणाबाई चौधरी’, तिसरीकडे नुसतंच ‘बहिणाबाई’. एका ठिकाणी तर ‘बहीणाबाई’, दीर्घ. यंत्राच्या लेखी या चार वेगळ्या बाया. आसोद्याची एकच माउली, आणि तिची पुस्तकं शोधताना चार वेळा शोधावं लागायचं.

आई 84 वर्षांची आहे. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली आणि कानबाईची अहिराणी गाणी तिला अजून पाठ आहेत. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायची आहेत. कशी करावीत? वाचनालयाला त्याचा उपयोग होईल का?
— निवृत्त शिक्षक, धुळे

गुरुजी, हे पत्र मी दोनदा वाचलं. माझी आजी गेली तेव्हा माझ्याकडे साधा फोन होता. असो.

आजच सुरू करा, सणाची वाट बघू नका. पंखा बंद करा, आपल्याकडच्या उन्हात ते अवघड आहे, म्हणून सकाळी लवकर बसा. पंख्याचा आवाज आपल्या कानाला येत नाही, मोबाईलला येतो. मोबाईल आईंच्या तोंडापासून हातभर अंतरावर, खाली मऊ घडी ठेवून. गाणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही मोठ्याने बोला: तारीख, गाव, आईंचं नाव, माहेर कुठलं, हे गाणं कुठल्या वेळी म्हणतात. माहेर विसरू नका. गाणी बाईबरोबर सासरी येतात, साक्रीकडची ओवी रावेरला सापडते ती त्यामुळे.

एका फाईलमध्ये एकच गाणं. मध्ये चुकलं, हसू आलं, “पुढे काय व्हतं रे?” असं त्या म्हणाल्या, तर कापू नका. नंतर त्यांच्याजवळ बसून शब्द लिहून घ्या. आवाजावरून आपोआप मराठी टाइप करणारी सोय मोबाईलमध्ये असते, पण तिला अहिराणी कळत नाही. ‘शे’चं ‘आहे’ तर ती करत नाहीच, भलतंच काहीतरी करते. हातानेच लिहा, बोलतात तसं. प्रमाण मराठीत दुरुस्त करण्याचा मोह शिक्षकांना फार होतो, माफ करा.

प्रती तीन ठेवा: मोबाईलमध्ये, पेन ड्राइव्हवर आणि एखाद्या ऑनलाइन खात्यात. आईंची परवानगीही रेकॉर्ड करा, ही गाणी वाचनालयात कुणालाही ऐकवायची का, असं स्पष्ट विचारून. काही गाणी बायकांनी बायकांत म्हणायची असतात, त्या नाही म्हणाल्या तर तेवढी बाजूला.

उपयोग विचारता? ब्रिटिश अमलातले अधिकारी ग्रिअरसन यांनी केलेल्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा भाग 1907 साली निघाला. त्यात आपल्या बोलीचे नमुने छापलेत, आणि तो इंटरनेटवर वाचायला मिळतो. पण त्यांनी प्रत्येक बोलीत आधी एक ठरलेली गोष्ट सांगायला लावली, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. आपल्या आयांनी जात्यावर काय म्हटलं, हे विचारायला कुणी आलं नव्हतं. तुमच्या धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे. जुने कागद जपलेली माणसं कागद कसे जपतात, ते एकदा तिथे जाऊन बघा. आणि एक प्रत मला पाठवा, मी हेडफोन नवीन आणते.

वडिलांना मोतीबिंदूनंतर नीट दिसत नाही. आयुष्यभर वाचनालयात जाणारे आहेत, आता घरी बसून चिडचिड करतात.
— भुसावळ

आमच्या एका संगणकावर एनव्हीडीए आहे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा फुकट प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने 2006 मध्ये सुरू केला. त्याच्याबरोबर येणारा मराठी आवाज डब्यातून बोलल्यासारखा येतो, चार दिवसांत कान सरावतात. ज्यांना छापलेलं वाचता येत नाही त्यांच्यासाठी सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, त्याचं सदस्यत्व बघा. मोबाईलवर असंच वाचून दाखवणारं टॉकबॅक असतं. पण ते चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते शिका! मी स्वतःच्या मोबाईलवर चालू केलं आणि अर्धा तास बंद करता येईना. एकदा टेकवलं की ते नुसतं वाचतं, उघडायला दोनदा टेकवावं लागतं, हे ठाऊक नव्हतं. घरचा फोन आला तोही उचलता आला नाही.

तरी वडिलांना वाचनालयात आणा. आमच्याकडे एक आप्पा रोज साडेचारला येतात, दहावीची एक मुलगी त्यांना अग्रलेख वाचून दाखवते. तिचे उच्चार सुधारले, त्यांची चिडचिड सरकारवर गेली.

वाचनालयात वायफाय लावलं तर मुलं रील बघत बसतील, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. खरं आहे का?
— यावल

खरं आहे, बघतात. आम्हीसुद्धा लहानपणी वाचनालयात सिनेमाची मासिकं बघायला जायचो, ती संपली की नाइलाजाने पुस्तकांकडे वळायचो. लावा वायफाय. पासवर्ड दर सोमवारी बदला आणि तो नव्या पुस्तकांच्या कपाटावर चिकटवा.

आमच्या ऑफिसात जुने संगणक पडून आहेत. तुमच्या वाचनालयाला दिले तर चालतील का?
— मूळचा चोपड्याचा, आता पुण्यात

भाऊ, मन मोठं आहे, पण थोडं स्पष्ट बोलते. आधीच्या अशाच तीन भेटी आमच्या जिन्याखाली आहेत. बंद यंत्र देऊ नका. चालू असेल तर त्याच्यातलं ऑफिसचं सगळं पुसून, माऊस आणि केबलसकट, चालू करून दाखवून द्या. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, धूळ वेगळीच. आतला पंखा साफ करून पाठवा.

आणि विचारताच आहात तर खरी गरज सांगते. वीज गेली की सगळं थांबतं, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी. एक लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. आणि जवळचं वाचायचे चष्मे, दीड, दोन आणि अडीच नंबरचे, दहा-बारा. निम्मी माणसं “मला संगणकातलं समजत नाही” म्हणतात, त्यांना खरं तर दिसत नसतं. मी संगणकाशेजारी बिस्किटाच्या डब्यात चार चष्मे ठेवले होते. दोन लोकांनी नेले, एकावर कुणीतरी बसलं. आता एकच उरलाय, दोन नंबरचा, आणि तो सध्या मीच वापरते.